तिच्या मापाची सायकल

टेलर वेळेवर कपडे देत नाही ही जगभरची तक्रार आहे, आणि आपल्या या टेलरबद्दल ती जरा जास्तच खरी होती. ‘परवा या’ हे त्याचं ठरलेलं उत्तर. परवा गेलं की तो कात्री खाली ठेवून इतक्या निरागस चेहऱ्याने बघायचा, की गिऱ्हाइकालाच वाटावं आपण दिवस चुकलो. पण मापात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. माणूस दारातून खुर्चीपर्यंत पोचेतो त्याची छाती, कंबर, खांदे याच्या डोक्यात लिहून झालेले असत. टेप लावायचा तो केवळ समोरच्याच्या समाधानासाठी. पोट सुटलेल्या माणसाला पोट सुटलंय असं तो कधी म्हणाला नाही. मुकाट्याने दोन इंच वाढवायचा आणि ‘हे कापड जरा आटतं’ म्हणून मोकळा व्हायचा. पस्तीस वर्षांत त्याने किती पोटं अशी झाकली असतील, गणती नाही. लोकांना तो आवडायचा तो याचसाठी, आणि त्याला खोड लागली तीही इथेच.

पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत घर. मूलबाळ नव्हतं, दोघंच. तो शिवायचा आणि त्याची बायको मागे खिडकीशी बसून काजं, बटणं, हातशिलाई करायची. ती त्याच्यापेक्षा चांगली दोन बोटं उंच होती. लग्नाच्या फोटोत तो पायरीवर उभा आहे आणि ती खाली, आणि तरी फोटोग्राफरने त्याला मान वर करायला लावलेली आहे. यावरून ती त्याला आयुष्यभर चिडवत आली आणि तोही आयुष्यभर चिडत आला. संसार चांगला चालल्याची खूण यापेक्षा वेगळी काय असते.

मग तिची पाठ दुखायला लागली. तेल झालं, शेक झाला, मग मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी टेलरला एकट्याला आत बोलावलं. ती बाहेर बाकावर बसून बूट चढवत होती. हाडं आतून पोखरली जाताहेत, डॉक्टर म्हणाले. मणके खचून एकावर एक बसत चाललेत. औषधाने दुखणं कमी होईल, आजार जाणार नाही. वर्ष निघालं तर पुष्कळ. आणि त्यांना पडू देऊ नका, कारण एकदा मोडलेलं हाड आता सांधायचं नाही. मग त्यांनी विचारलं, “त्यांना तुम्ही सांगता की मी सांगू?”

“मी सांगतो,” टेलर म्हणाला.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, काय म्हणाले. आणि पस्तीस वर्षं ज्या सुरात तो ‘कापड आटतं’ म्हणत आला, त्याच सुरात तो म्हणाला, कॅल्शियम कमी झालंय. गोळ्या घ्यायच्या. घरी गेल्यावर नीट सांगू, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. घरी गेल्यावर ठरवलं की जेवण झाल्यावर. मग पुढच्या आठवड्यात. स्वतःच्या बायकोलाही त्याने ‘परवा या’च म्हटलं.

ती खरंच आटत चालली. आधी तिच्या तपकिरी कोटाच्या बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत यायला लागल्या. मग ड्रेसची खालची किनार पायात घोळायला लागली. गोळ्यांनी तिला दुपारी गाढ झोप लागायची, दोन-अडीच तास. तेवढ्यात टेलर तिचा एकेक कपडा खुंटीवरून काढायचा, उसवायचा, आत घ्यायचा, इस्त्री करून पुन्हा होता तसा टांगून ठेवायचा. हातशिलाई त्याला कधीच धड जमली नव्हती, ते तिचं काम. आता तो तिच्यासारखे टाके घालायला शिकला. एकाही कपड्याचं कापड मात्र त्याने कापलं नाही. जास्तीचं सगळं आत दुमडून ठेवलं. कापलं असतं तर ते पुन्हा लागणार नाही असं कबूल केल्यासारखं झालं असतं, आणि तेवढी त्याची छाती नव्हती.

कपड्यांवर भागलं नाही. भिंतीतल्या खुंट्या चार बोटं खाली आल्या. कपडे वाळत घालायची दोरी खाली आली. दुकानातला माणूसभर उंचीचा आरसा, चौकट खिळखिळी झालीय म्हणून, तोंड भिंतीकडे करून कोपऱ्यात गेला. आरसा नसलेला टेलर म्हणजे काय तमाशा, गिऱ्हाइकं कुरकुरली, पण हा ढिम्म. तिचं अंग जेवढं लहान व्हायचं, तेवढं घर तिच्याभोवती लहान व्हायचं, आणि तिला सगळं पूर्वीसारखंच मापात लागायचं. निदान त्याची तशी समजूत होती.

आणि मग एका सकाळी, चहाचा कप दोन्ही हातांत धरून ती म्हणाली, “मला सायकल घ्यायचीय.”

लग्नाआधी ती एका छापखान्यात पानं जुळवायच्या कामाला होती. तिथे सायकलने जायची. हिरवी, सव्वीस इंची चाकांची, बिनदांड्याची, पुढे टोपली. तशीच हवी, ती म्हणाली. चालताना पाठ दुखते, बसल्यावर तेवढी दुखत नाही, म्हणजे सायकलवर बसून बाजारापर्यंत जाता येईल. दर वेळी तुमचा हात धरून किती दिवस चालायचं? टेलरने रहदारीचं कारण सांगितलं. ती म्हणाली, सकाळी रस्ता रिकामा असतो. त्याने गुडघ्याचं सांगितलं. ती म्हणाली, दुखते पाठ, गुडघे ठणठणीत आहेत. त्याने वयाचं काढलं. तिने कप खाली ठेवला.

“मी बरी होतेय ना?”

“होतेयस की.”

“मग काय हरकत आहे?”

आपणच शिवलेल्या बाहीत हात अडकावा तसं त्याचं झालं. बघतो, म्हणाला, आणि सायकलच्या दुकानात गेला.

सायकलवाल्याला सगळे घंटी म्हणत, कारण तो एकदा सुरू झाला की वाजतच राहायचा. टेलरचं जुनं गिऱ्हाईक. त्याच्याही पोटाला टेलरने अधूनमधून आसरा दिलेला होता. हिरवी हवी, टेलर म्हणाला, तर घंटीने कपाळावर हात मारला. सायकल घ्यायला येणारे सगळे आधी रंग सांगतात, म्हणाला. रंग शेवटी बघायचा. आधी सांगा बसणार कोण, जाणार कुठे आणि चालवणार किती वर्षं. उत्तराची वाट न बघता त्याने अख्खं दुकान फिरवलं. ही रेसची, पाठ धनुष्यासारखी वाकवता येत असेल त्यानेच घ्यावी. ही जाड टायरची, दगडधोंड्यांसाठी, गावात उगाच धापा टाकायच्या. ही घडीची, दुमडून कपाटात मावते, पण चालवताना माणूस सर्कशीतला दिसतो. ही बॅटरीची, चढ कळत नाही, पण उचलायला दोन माणसं लागतात.

“वहिनींची उंची किती?”

“पाच फूट सहा,” टेलर म्हणाला. आकडा इतका जुना होता की आपोआप तोंडातून गेला.

घंटीने सव्वीसची काढली. टेलरने तिच्या सीटवर तळहात ठेवला, आणि तिथेच त्याचं अवसान गेलं. जीभ काहीही बोलते, पण त्याच्या हाताला माप कळत होतं. ही सीट आता तिला किती उंच पडते ते कळत होतं. पाय एवढा उचलायला पाठीला किती वाकावं लागेल, हँडल धरायला हात किती लांब न्यावे लागतील आणि त्या टोकाला पोचताना कुठला मणका दगा देईल, सगळं कळत होतं.

“पाच फूट दोन,” तो म्हणाला.

घंटी हसला. टेलरला बायकोची उंची माहीत नाही, म्हणजे कमाल झाली. पण समोरचा हसत नाही हे बघून त्याने सव्वीसची परत जागेवर लावली. मग टेलरने खरी मापं सांगितली, एकेक करून. वजन, खांदे, पाठीची लांबी. पाय तेवढेच आहेत, वरचा भाग खाली बसलाय. आठ महिन्यांत ते त्याने कुणासमोर उच्चारलं नव्हतं, आणि आता ऐकायला कोण, तर सायकलवाला. घंटी पहिल्यांदाच बराच वेळ वाजला नाही.

“मग तीनचाकी घ्या,” शेवटी तो म्हणाला. “पाय उचलायला नको. पडायची भीती नाही. मजबूत आहे, दहा वर्षं बघायला नको.”

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कळलं, आणि तो उगाच एका चाकाची तार पिळत बसला.

टेलर तीनचाकीचं छापील चित्र घेऊन घरी आला. मागे केवढी टोपली आहे बघ, म्हणाला, आठवड्याची भाजी मावेल. तिने चित्र डोळ्यांजवळ धरलं.

“ही कुणासाठी असते?”

“कुणालाही चालते.”

“नाही. ज्यांचा तोल जातो त्यांच्यासाठी असते. माझा तोल जातोय का?”

“छे, काहीतरीच काय.”

“मग दोनचाकीच आणा. सव्वीसची. नाहीतर का नको ते सांगा.”

ती थांबली. किती वेळ थांबली म्हणाल तर मागे शेगडीवर ठेवलेलं पाणी उकळून निम्मं झालं, तेवढा वेळ. टेलर चित्राच्या घड्या घालत होता, उलगडत होता. बाई हट्टाला पेटलीय, एवढंच त्याच्या डोक्यात. शेवटी तो उठला आणि आणतो म्हणाला.

त्या दिवसापासून त्याला झोप नाही. मोठी आणावी तर ती पडणार, आणि पडली की डॉक्टरांनी सांगितलेलं वर्षही हातचं जाणार. तीनचाकी आणावी, लहान मुलीची आणावी, तर सायकलच तिला सगळं सांगून टाकणार. दुकानातली प्रत्येक सायकल एक तर तिला पाडणारी होती, नाहीतर चुगलखोर होती. मग एके दुपारी, तिचा निळा ड्रेस अर्धा इंच आत घेता घेता, त्याच्या डोक्यात जे आलं ते फक्त टेलरच्याच डोक्यात येऊ शकतं. त्याने कापायच्या टेबलावर खाकी कागद पसरला, खडू घेतला, आणि सव्वीसच्या सायकलचं कटिंग काढलं. चाक, सीट, मान, हँडल, पायडल, टोपली, हँडलवरची घंटीसुद्धा. आणि एकेक माप त्याच प्रमाणात खाली आणलं.

घंटी कागद बघून चक्रावला. सायकल काय ड्रेस आहे आत घ्यायला, म्हणाला. पण टेलर हटेना. चाकं लहान बसवायची, पण टायर आणि चिखलपट्टी रुंद, म्हणजे डोळ्याला लहान वाटणार नाहीत. मान, म्हणजे हँडलखालची उभी नळी, कापून तीन इंच कमी करायची. हँडल मागे वळवायचं. पायडलचे दांडे आखूड. सीट इतकी खाली की बसल्या जागी दोन्ही पावलं जमिनीवर सपाट टेकली पाहिजेत. टोपलीही लहान, दिवाही लहान. सगळंच सारख्या प्रमाणात लहान झालं तर लहान काहीच दिसत नाही.

“वहिनींच्या लक्षात येईल,” घंटी म्हणाला.

“माप बरोबर बसलं की कुणाच्या काही लक्षात येत नाही. मी जन्मभर दुसरं काय केलंय?”

काम बारा दिवस चाललं. या बारा दुपारी टेलर घंटीच्या ओळखीच्या एका वेल्डरच्या शेडमध्ये होता. ती झोपेतून उठायची तेव्हा घरात कुणी नसायचं. संध्याकाळी विचारायची, सायकल सापडली का, आणि तो म्हणायचा, ठरत आलंय. लोखंडावर करवत चालताना त्याने तोंड फिरवलं. कापडात दुमडून ठेवता येतं, इथे कापलेला तुकडा सरळ खाली पडला. वेल्डरने तो पायाने बाजूला केला.

तेराव्या दिवशी सकाळी त्याने ती हिरवीगार सायकल दुकानासमोर आणून उभी केली आणि खरोखर नजर लागावी असं काम झालं होतं. एकटी उभी असताना कुणीही सव्वीसचीच म्हणाला असता. बायको कोट घालून बाहेर आली, भिंत धरत. त्याने सायकल आडवी झुकवली, तिने पाय टाकला आणि बसली. हात सहज हँडलवर गेले. दोन्ही पावलं जमिनीला टेकली. पाठीवर जराही ताण आला नाही. टेलर दोन पावलं मागे सरला आणि डोळे बारीक करून बघू लागला, नवा कोट घातलेल्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसा. कुठे चूण नाही, कुठे ओढ नाही. त्याला इतका आनंद झाला की क्षणभर तो आजारच विसरला.

“बघ, अगदी तुझ्या मापाची मिळाली,” तो म्हणाला.

तिने हँडलवरून हात फिरवला, मग मानेवरून, आणि जिथे जोड होता तिथे रंगाखाली तिचं बोट थांबलं.

“ही तुम्ही कापलीत.”

“छे गं. सव्वीसचीच आहे.”

“माझ्याशी आता असं बोलू नका,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. “पहिला कोट आत घेतलात तेव्हाच मला कळलं होतं. म्हटलं, सांगतील, आज नाही तर उद्या. मग खुंट्या खाली आल्या. मग आरसा गेला. मी वाट बघत राहिले. म्हणून तर सायकल मागितली. म्हटलं, लोखंड आहे, ते काही यांना आत घेता यायचं नाही. सायकल मोठी पडेल, मला बसता येणार नाही, आणि मग यांना बोलावंच लागेल.”

तिला धाप लागली. त्याने हात पुढे केला, तिने तो धरला नाही.

“मला तुम्हाला दोन-तीन गोष्टी सांगायच्या आहेत. त्या मरणाऱ्या माणसाने सांगायच्या गोष्टी आहेत. बऱ्या होत असलेल्या बाईला त्या सांगता येत नाहीत. तुम्ही फक्त एवढंच म्हणा, की तुम्हाला माहीत आहे. एकदाच म्हणा. मग मी सांगते.”

रस्ता रिकामा होता. समोरच्या घराची एक खिडकी उघडली आणि बंद झाली. टेलरने तोंड उघडलं. त्याला म्हणायचं होतं, देवाशपथ म्हणायचं होतं. शब्द काही अवघड नव्हते. पण ते म्हटलं की ती त्याच क्षणी, तिथे रस्त्यावरच, मरायला लागेल असं त्याला वाटलं. तोवर जणू ती मरतच नव्हती. त्याची नजर खाली गेली, तिच्या टाचांकडे.

“सीट अर्धा इंच वर झालीय,” तो म्हणाला. “खाली घेतो.”

तिने डोळे मिटले.

“घ्या,” ती म्हणाली.

तो पाना आणायला आत गेला. पाना समोरच होता, तरी तो बराच वेळ खण उघडत बसला. बाहेर आला तेव्हा सायकल भिंतीला टेकलेली होती आणि ती मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून निजली होती. आधाराशिवाय कशी उतरली, कशी चालत गेली, कोण जाणे.

सायकलचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. तो रोज विचारायचा, जरा बसून बघतेस का, सीट खाली घेतलीय. ती उद्या म्हणायची. त्याच्याशी ती चांगलं बोलायची, औषधाचं, जेवणाचं, कुठल्या गिऱ्हाइकाचे कपडे राहिलेत त्याचं. कोट पुन्हा मोठा झाला तर आता ती स्वतःच काढून द्यायची, घ्या आत, म्हणायची. तिच्या हातातून तो घेताना टेलरला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण घ्यायचा.

सहाव्या आठवड्यात तिला उठवेना, तेव्हा कुठे त्याला वाचा फुटली. दुपारची वेळ होती. त्याने मशीन बंद केलं, मागे गेला, खाली बसला आणि एका दमात म्हणाला की मला माहीत आहे, पहिल्या दिवसापासून माहीत आहे, डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. म्हणून झाल्यावर तो लहान मुलासारखा रडला. तिने डोळे उघडले. पण दुखणं थांबवायच्या औषधाने तोवर तिची जीभ पार जड झाली होती. तिचे ओठ हलले. त्याने कान अगदी जवळ नेला. ऊन श्वास लागला, शब्द आला नाही. ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहिली आणि तो प्रत्येक वेळी हो, हो म्हणत राहिला, जणू कळतंय. इथेही त्याची ती जुनी सवय सुटली नाही. तिच्या लक्षात आलं असावं, कारण थोड्या वेळाने तिने ओठ हलवायचं थांबवलं.

ती चौथ्या दिवशी गेली. टेलर अजून शिवतो. मापात अजून त्याचा हात धरणारं कुणी नाही. पण मध्येच कात्री थांबते, आणि गिऱ्हाइकाला वाटतं हा आकडा आठवतोय. तो आठवत असतो तिने काय म्हटलं होतं ते. दोन-तीन गोष्टी, ती म्हणाली होती. दोन होत्या की तीन, एवढंसुद्धा त्याला कळलं नाही.